गोरखपुरात काळी साडी

"और दिखाइए," मी म्हणाले.

किशोरीलालनं मागच्या फळीवरून आणखी एक साडी ओढली, गादीवर टाकली आणि एका झटक्यात उलगडली. लाल. तिच्या आधीची लालच होती, तिच्या आधीची राणी, त्याआधी एक शेंदरी आणि मग पुन्हा सगळ्या लाल. पांढरी चादर घातलेल्या त्या गादीवर साड्यांचा ढीग माझ्या गुडघ्याला लागला होता आणि मला हवा होता तो रंग त्यात औषधालाही नव्हता.

"ये देखिए माताजी, असली कतान. बहू पर खिल उठेगी."

"अच्छा है. और दिखाइए."

माझ्या शेजारी बसलेल्या विहीणबाई, सरोजिनी श्रीवास्तव, माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. महाराष्ट्रातली समधन मोठी चोखंदळ आहे, आपल्या मुलीसाठी पारखून पारखून घेते आहे, असं त्यांना वाटत असावं. त्यांच्या पलीकडं माझी सून मधुलिका डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. लग्नाला जेमतेम सहा आठवडे झाले होते. एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला सासू असताना शहाणी मुलगी तोंड उघडत नाही, तशी ती गप्प होती.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. सुनेची पहिली संक्रांत. मला काळी साडी हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, मग काळी दाखवा असं सरळ सांगायचं. पण ते सांगावं लागेल हेच मुळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या बार्शीत जानेवारी लागला की कापडाच्या दुकानांच्या दारात काळ्या साड्या लटकायला लागतात. नुसतं "संक्रांतीसाठी दाखवा" म्हटलं की दुकानदार काळ्याच काढतो, मग काठ कसला हवा ते विचारतो. मी इथं आल्या आल्या तेच म्हटलं होतं, "संक्रांत के लिए साडी दिखाइए." आणि तेव्हापासून हा माणूस माझ्यापुढं लाल रंगाचा डोंगर रचत होता.

बार्शीचा आमचा नेहमीचा दुकानदार म्हणालाही होता, "काकू, इथनंच न्या की." मी म्हटलं, कशाला? बनारस त्यांच्या शेजारी, तिथं साड्यांना काय तोटा? शिवाय मला ती मधुलिकाच्या पसंतीनं घ्यायची होती. माझ्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी मला न विचारता जाडीभरडी चंद्रकळा आणून टाकली होती आणि मी मुकाट्यानं नेसले होते. माझ्या सुनेचं तसं होऊ द्यायचं नाही असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

आज मधुलिकाची मुलगी कॉलेजात जाते. तिला ही गोष्ट सांगायला लागलं की ती म्हणते, "आजी, ऑनलाइन मागवायची ना." तिचं खरं आहे. पण तेव्हा गोरखपूरच्या घरी साधा फोनसुद्धा नव्हता, त्याला मी काय करू?

माझा मुलगा शिरीष तिथं रेल्वेत होता. नोकरी त्यानं तिथली धरली, मुलगीही तिथलीच पसंत केली. माझी काही हरकत नव्हती. मुलगी गुणाची, घर चांगलं. पण लग्न सगळं त्यांच्या पद्धतीनं झालं. आमची बार्शीची मोजकी माणसं, आणि त्यांच्याकडचं सगळं गाव. ना आमची सीमांतपूजनाची गडबड, ना सुनमुख, ना कुणी मला काही विचारलं. हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, त्यामुळं त्यांच्या बायकांनी मला मानानं एका खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल पांघरली आणि मांडवापासून लांब ठेवलं. वाईट कुणीच वागलं नाही. मला चहा दर अर्ध्या तासाला मिळत होता. पण माझ्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नात मी पाहुणी होते.

तेव्हाच मी शिरीषला सांगून ठेवलं होतं, "बाकी सगळं तुमच्या मनासारखं. एक पहिली संक्रांत मात्र माझ्या पद्धतीनं करणार. त्यात मध्ये बोलायचं नाही."

डिसेंबरभर मी हलवा केला. दिवसा मी शिवणाचा क्लास घ्यायचे, आणि पहाटेच्या थंडीत शेगडीवर परात ठेवून खसखशीवर पाकाचे थेंब सोडत बसायचं, बोटांनी हलवत राहायचं. बोटांची टोकं पोळून निघाली तेव्हा कुठं त्याला काटा आला. त्याचं मंगळसूत्र केलं, बांगड्या केल्या, बिंदी केली, कंबरपट्टा केला. पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ते दागिने ठेवले आणि तो डबा दोन दिवस रेल्वेत मांडीवर घेऊन गोरखपूरला पोचले. एक मणी फुटू दिला नाही. ते पांढरेशुभ्र दागिने काळ्या साडीवर उठून दिसतात. लाल कतान रेशमावर ते घालायचे म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

त्या दिवशी सकाळी चहा पिता पिता शिरीषनं मला दुकानातलं हिंदी शिकवलं होतं.

"आई, चार वाक्यं पुरतात. ‘साड़ी दिखाइए’, ‘और दिखाइए’, ‘इसमें दूसरा रंग है?’ आणि शेवटी ‘ठीक-ठीक लगाइए.’"

"आणि नको असली तर?"

"‘पसंद नहीं आया’ म्हणायचं. तोंड वाकडं करायचं नाही. आणि ‘मेरेको’ नाही, ‘मुझे’. ‘तुम’ नाही, ‘आप’."

"तू चल की बरोबर. एवढं शिकवतोयस त्यापेक्षा."

"बायकांच्या खरेदीत मी काय करू? मधुलिका आहे, मम्मीजी येणार आहेत." आणि तो मफलर गुंडाळून ऑफिसला निघून गेला. गाव त्यानं शोधलं, बायको त्यानं शोधली, आणि साडी घ्यायची म्हटल्यावर साहेबांना ऑफिस आठवलं. मला तेव्हाच चिडायला हवं होतं.

तर ती चार वाक्यं घेऊन मी त्या गादीवर बसले होते. बाहेर इतकं धुकं होतं की समोरचं दुकान दिसत नव्हतं. पायांची बोटं गारठली होती. शेवटी मी तिसरं वाक्य काढलं.

"इसमें दूसरा रंग है?"

"क्यों नहीं माताजी! कौन-सा?"

"काला."

किशोरीलालचा हात फळीवरच थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, विहीणबाईंकडं पाहिलं.

विहीणबाई हसल्या. "समधन जी का मतलब दूसरा कुछ होगा. बहन जी, काला माने ब्लैक."

"हाँ. वही. काला."

"आपके घर के लिए? किसी को देना है?"

"मधुलिका के लिए. कल पहनेगी. संक्रांत को."

"राम-राम," किशोरीलाल हळूच म्हणाला आणि त्यानं दोन्ही कानांना हात लावला. विहीणबाईंचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण त्यांनी मधुलिकाचा हात धरला. ते मी पाहिलं.

मी समजावायला गेले. आता पहिली संक्रांत म्हणजे काय, काळा रंग ऊब धरतो, वर्षातून तो एकच दिवस काळ्याचा मान असतो, नव्या नवरीचं कौतुक म्हणून तिला काळी साडी नेसवून हलव्यानं मढवतात, हे सगळं मराठीत मी कुणालाही दोन मिनिटांत सांगितलं असतं. हिंदीत माझ्या तोंडून निघालं ते असं, "हमारे में काला अच्छा. संक्रांत को. थंडी होती ना. नई बहू को काला ही देते."

"बहू को?" विहीणबाई म्हणाल्या. "नई बहू को काला देते हैं?"

"हाँ. प्यार से."

ते ‘प्यार से’ ऐकून त्या आणखीनच घाबरल्यासारख्या दिसल्या.

किशोरीलाल दुकानदार होता, गिऱ्हाईक सोडणारा नव्हता. तो म्हणाला, "गहरा रंग चाहिए न माताजी? गहरा दिखाते हैं." आणि त्यानं किरमिजी काढली. मग वांगी रंगाची काढली. मग बाटलीच्या हिरव्या रंगाची. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "पसंद नहीं आया, काला दिखाइए," आणि प्रत्येक वेळी विहीणबाई म्हणायच्या, "ये तो बहुत सुंदर है, समधन जी." शेवटी त्यानं एक साडी अर्धीच उलगडून घाईघाईनं माझ्यापुढं धरली.

"लीजिए. काली."

मी उठले, साडीचा पदर धरला आणि दाराशी नेला. तिथं जेवढा उजेड होता तेवढ्यात बघितलं. निळी होती. गर्द निळी, पण निळीच. माझा जन्म कापडात गेला, मला हा माणूस निळी साडी काळी म्हणून देतो?

"ये नीला है!"

"अरे माताजी, रात में काली ही लगेगी."

"मैं रात में नहीं, दिन में पहनाने वाली है!"

दुकानातला एक नोकर तोंड फिरवून हसला. माझं हिंदी कुठं घसरलं ते मला कळलं, पण आता मला त्याची फिकीर नव्हती. मी परत येऊन गादीवर बसले. पोऱ्यानं आणलेला चहा निवून गेला होता.

विहीणबाईंनी घड्याळ बघितलं. त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी हृदयाच्या झटक्यातून उठले होते, लग्नातही त्यांना खुर्चीतच बसवून ठेवलं होतं. त्यांची दुपारची गोळी विहीणबाईच देत. त्या घाईत होत्या, तरी मला सोडून जात नव्हत्या. त्यांनी घसा साफ केला आणि माझ्याकडं सरकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "समधन जी, हमसे कोई भूल हुई है क्या?"

"क्या?"

"लेन-देन में कुछ कमी रह गई हो तो साफ कहिए. कल खिचड़ी है, हमने बिटिया के घर चूड़ा, लाई, तिलवा, कपड़े, सब भिजवाया है. अगर कुछ और चाहिए था तो हमसे कहिए. इनकी तबीयत की वजह से शादी में हाथ थोड़ा खिंच गया, हम जानते हैं. पर उसका गुस्सा बच्ची पर मत निकालिए."

खिचड़ी म्हणजे त्यांच्याकडची संक्रांत, त्या दिवशी माहेराहून पोहे, कुरमुरे, तिळाचे लाडू येतात, एवढं मला माहीत होतं; पण शेवटचं ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी एक रुपया मागितला नव्हता. उलट शिरीषला बजावून ठेवलं होतं की त्यांच्याकडून काही घेतलंस तर माझ्याशी गाठ आहे. आणि ही बाई समजत होती की हुंडा कमी पडला म्हणून मी त्यांच्या मुलीला अशुभ साडी नेसवून सूड उगवते आहे!

"नहीं चाहिए! कुछ नहीं चाहिए! एक साडी चाहिए!" मी म्हणाले. आवाज चढला होता.

तेव्हा मधुलिका पहिल्यांदा बोलली. "माँ, जाने दो न. एक दिन की तो बात है. पहन लूँगी, शाम को उतार दूँगी."

"तू चुप रह," तिची आई म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर मलाही तिचं ते बोलणं लागलं. शाम को उतार दूँगी! जणू काही मी तिला गोणपाट नेसायला सांगत होते. मला तिनं हसत, मिरवत ती नेसायला हवी होती. हलव्याचे दागिने घालून आरशात बघून लाजायला हवं होतं. माझ्यावर उपकार म्हणून काळं गुंडाळून बसणारी सून मला नको होती. पण हे सांगू कुणाला आणि कोणत्या भाषेत?

मग मला एक युक्ती सुचली. रागाच्या भरात सुचतात तशीच होती. मनात म्हटलं, माझ्यासाठी म्हणून एकदा काळी साडी हातात येऊ दे, मग घरी नेऊन बघू.

"ठीक है," मी किशोरीलालला म्हणाले. "बहू को नहीं. मेरे लिए. मुझे साडी दिखाइए."

"आपके लिए?" त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पहले कहतीं माताजी!" त्यानं नोकराला हाक मारली. नोकर आतल्या खोलीत गेला आणि साड्यांचा छोटा गठ्ठा घेऊन आला. किशोरीलालनं तो मोठ्या अदबीनं माझ्यापुढं सोडला.

सगळ्या पांढऱ्या होत्या. एखादीला राखाडी काठ, एखादीवर फिकट बुट्टे. मऊ, महाग, चांगल्या साड्या. मी त्या दिवशी मोरपंखी सुती साडी नेसले होते, ती त्याला दिसत होती. पण माझं मोकळं कपाळही दिसत होतं, आणि त्यापुढं साडी कोण बघतो.

"ये आप पर शोभा देगी," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच मला सहन झालं नाही.

मी मराठीत सुरू झाले. तिथं कुणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यामुळं मला जास्तच जोर आला.

"अहो, तुम्ही कोण ठरवणार कुणी काय नेसायचं ते? तिला काळं चालत नाही, मला रंग चालत नाही! मग काळ्या साड्या लपवून ठेवल्यात त्या काय गावातल्या म्हशींना नेसवता? दोन दिवस त्या गाडीत मांडीवर डबा घेऊन बसले मी! पाय सुजले माझे! बोटं भाजून घेतली! माझ्या एकुलत्या एका सुनेला मी हौसेनं एक साडी घ्यायला आले, तर मी काय चेटकीण आहे? मला काय तिचं वाईट करायचंय? अहो, माझ्या घरात ते एकच माणूस आलंय!"

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला, म्हणून मी थांबले. दुकानातली दुसरी दोन गिऱ्हाइकं साड्या हातात धरून माझ्याकडं बघत होती. किशोरीलालनं पांढरा गठ्ठा हळूच मागं ओढून घेतला. मधुलिकाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला शब्द कळले नव्हते, पण आवाज कळला असावा.

विहीणबाई मात्र रडत नव्हत्या. त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मघापासून त्यांच्या मनात काहीतरी होतं आणि ते विचारू की नको असं चाललं होतं, हे मला तेव्हा जाणवलं.

"एक बात पूछें, समधन जी? बुरा मत मानिएगा."

"पूछो."

"आपको भी पहनाई थी? आपकी शादी के बाद? काली?"

"हाँ," मी ठसक्यात म्हणाले. "पहनाई थी."

त्यांची नजर वर गेली. माझ्या कपाळावर गेली, तिथं थांबली आणि खाली आली.  

"माँ!" मधुलिका पुटपुटली.

किशोरीलालनं घडी घातलेली एक साडी मोडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

म्हणजे हे होतं. हुंडा नाही, समधनीचा राग नाही. मी स्वतःच त्या साडीविरुद्धचा पुरावा होते. मी काला असा शब्द काढल्यापासून ह्या बाईच्या डोळ्यांपुढं माझं कपाळ होतं. मी जितकं ‘हमारे में पहनते’ म्हणत होते, तितकी ती आपल्या मुलीचा हात घट्ट धरत होती. मला इतका अपमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. आणि वाईट हे, की त्यांच्या जागी मी असते तर मीही तिथंच बघितलं असतं.

मला त्या क्षणी हिंदी यायला हवं होतं. जसं आलं तसं बोलले.

"चौबीस साल पहना मैंने काला. हर संक्रांत को. वो खुद लेके आते थे बाजार से. हर साल बोलते थे, इंदू, तेरे पे काला ही अच्छा दिखता. चौबीस साल कुछ नहीं हुआ."

मी गुडघ्याशी आलेल्या लाल साड्या बाजूला सारल्या.

"और जिस दिन वो गए ना," मी म्हणाले, "उस दिन मैंने हरा पहना था. ननंद की बेटी की गोद भरने गई थी. हरी साडी. हरी चूडी हाथ भर के. हमारे में हरा सबसे शुभ. हरा पहन के घर आई, और वो..." पुढचा हिंदी शब्द मला माहीत होता, पण तो तोंडातून निघाला नाही. "तो बोलो. अब हरे को भी खराब बोलूँ क्या?"

विहीणबाईंचे ओठ हलले. त्यांनी माझा हात धरायला हात पुढं केला आणि मध्येच मांडीवर ठेवला. बाहेर रस्त्यावर एक रिक्षावाला घंटी वाजवत धुक्यातून गेला.

मग त्या म्हणाल्या, "भाईसाहब, काली निकालिए."

"बहन जी, सोच लीजिए. खरमास का अशुभ महीना अभी उतरा नहीं है, ऊपर से..."

"हम कह रहे हैं न. निकालिए."

किशोरीलाल नाखुशीनं उठला. स्टुलावर चढला आणि अगदी वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेली साडी काढली. खाली उतरून त्यानं ती उलगडली नाही, नुसती गादीवर ठेवली आणि बाजूला झाला. मीच कागद सोडला.

काळीभोर. रेशमी, अंगभर रुपेरी बारीक बुट्टी, दोन बोटांचा काठ. बार्शीत मला अशी मिळाली नसती. मधुलिकानं श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. तिला आवडली होती. मनापासून आवडली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि माझा सगळा शीण उतरला. तिनं हात पुढं केला.

विहीणबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"रुको."

आता काय? मला वाटलं, पुन्हा पहिल्यापासून. माझ्यात आता भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

विहीणबाई उभ्या राहिल्या. त्यांनी अंगावरची शाल काढून गादीवर टाकली. ती काळी साडी उचलली, झटकली आणि नेसलेल्या साडीवरूनच कमरेला खोचायला लागल्या.

"माँ, ये क्या कर रही हो?"

"पहले हम पहनेंगे."

"माँ! पापा की तबीयत... तुम तो मानती हो ये सब!"

"मानते हैं, तभी तो." त्या मधुलिकाकडं बघत नव्हत्या. आरशाकडंही बघत नव्हत्या. "जो आना होगा, हम पर आ जाए. तुम पर नहीं आएगा. उसके बाद तुम पहन लेना, बिटिया. अच्छे से पहनना. समधन जी बड़े चाव से लाई हैं."

मी बघतच राहिले. म्हणजे माझं बोलणं त्यांना पटलं नव्हतंच. चोवीस वर्षं नाही, हिरवी साडी नाही, एक शब्दसुद्धा नाही. काळा रंग नवऱ्यावर येतो, हे त्यांच्यासाठी तेव्हाही तितकंच खरं होतं. घरी रजईत पडून गोळीची वाट बघणारा नवरा त्यांना होता. कपाळावर ठसठशीत टिकली, भांगात केसांच्या मुळापर्यंत शेंदूर, आणि ही बाई माझ्या हौसेखातर भर दुकानात काळी साडी स्वतःला गुंडाळत होती. मला इतका राग आला की ओरडून सांगावंसं वाटलं, सोडा ती साडी, द्या मला ती लाल, नको मला तुमचे उपकार. आणि त्याच वेळी मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही.

त्यांना निऱ्या घालता येईनात. रेशीम बोटांतून सुटत होतं. दोनदा घातल्या, दोनदा सुटल्या. नोकर मदतीला पुढं आला, तर मधुलिकानं त्याला हातानं थांबवलं आणि ती स्वतः उठू लागली.

"तू बैठ," मी तिला म्हणाले. "तू अभी हाथ मत लगा."

मी गुडघे टेकून विहीणबाईंच्या पुढ्यात बसले. "छोड़िए. मैं करती हूँ." आयुष्यभर मी बायकांना नेसवत आले होते, पण इतक्या हळू निऱ्या मी कधी घातल्या नव्हत्या. एक एक सारखी केली, काठाला काठ लावला आणि वर त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खोचली. मग तोल सावरायला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. त्या सगळा भार माझ्यावर टाकून उभ्या होत्या, आणि मी खांदा हलू दिला नाही.